वाडीवरची पाणीटंचाई आणि मुलं: दसऱ्यापासून मिरगापर्यंतची तयारी

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिमगा उलटला की त्याच गावच्या वरच्या वाडीत कळश्यांची रांग लागते. कारण जमिनीत आहे. सड्यावरचा (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळपठारावरचा) जांभा पाणी झटकन पितो, पण धरून ठेवत नाही. खालच्या चिकट मातीच्या थराला टेकलं की ते पाणी आडवं सरकतं आणि उतारावर झऱ्यातून बाहेर पडतं. पुढे आखूड पऱ्या (ओढा), आखूड नदी, की लगेच खाडी. दिवाळीला खळाळणारा झरा मार्चमध्ये करंगळीएवढा होतो आणि मे महिन्यात नुसता ओलावा उरतो.

सरकारी भाषेत हा दुष्काळ नव्हे, टंचाई. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांना परीक्षा शुल्क माफी, सुट्टीतही शालेय पोषण आहार अशा सवलती मिळतात. पावसाची सरासरी गाठणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं नाव त्या यादीत सहसा येत नाही. आपल्या हातात असतो तो टंचाई कृती आराखडा (टंचाईत करायच्या कामांची सरकारी यादी) आणि वाडीने स्वतः केलेली तयारी. ती तयारी मे महिन्यात करून उपयोग नाही. दसऱ्याला सुरू करावी लागते, आणि तिचा मुख्य हेतू मुलांचे पाणी भरण्यात जाणारे तास वाचवणं हा असावा. कारण पाणी कमी झालं की घरात पहिली कपात मुलांच्या वेळेत होते. शाळा बुडते, झोप कमी होते, हात धुणं थांबतं, आणि जूनमध्ये जुलाब सुरू झाले की सगळे पावसाला दोष देतात.

झऱ्याचं पाणी आधी मोजा

एप्रिलमध्ये झऱ्याशी अकरा-बारा वर्षांची मुलगी बसलेली असते. हातात करवंटी. खळग्यात साचलेलं पाणी ती अलगद काढते, गढूळ झालं की थांबते, निवळलं की पुन्हा काढते. बारा लिटरची कळशी भरायला पंचवीस मिनिटं. म्हणजे मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिवसाचे १४४० मिनिटं धरले तर ते ७०० लिटर होतं. माणशी २० लिटरच्या हिशोबाने पस्तीस माणसांचं पाणी. मग टंचाई कसली? टंचाई रात्रीची. संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंत झऱ्यावर कोणी नसतं आणि त्या दहा तासांतलं ३०० लिटर पाणी वाळूत जिरतं.

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झऱ्याखाली दहा लिटरची बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाचे लिटर मिळतात. बादली ५० सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला १२ लिटर, दिवसाला सतरा हजारांहून जास्त. ५ मिनिटांत भरत असेल तरी दिवसाला २८८० लिटर. विहिरीचं पाणी दोरीला गाठ मारून मोजा, तेही पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आधी. दोन वर्षांची वही हाताशी असली की कोणत्या आठवड्यात पाणी तुटणार ते आधी कळतं, आणि टँकरच्या अर्जाला जोडायला याहून चांगला कागद नाही.

रात्रीचं पाणी धरायला झरा बांधून घ्यावा लागतो. पावसानंतर, नोव्हेंबरात, पाणी जिथून बाहेर पडतं तिथली सैल माती मागे मागे उकरत जा. पाणी खडकातून किंवा मातीच्या थरावरून थेट येताना दिसलं की थांबा. पहारीने खोल खणू नका. खालचा चिकट थर फुटला तर पाणी खाली जातं आणि झरा कायमचा हरवतो. त्या तोंडाशी सुपारीएवढी धुतलेली खडी भरा, खडीत भोकं पाडलेला दोन इंची पाईप ठेवा, पुढे सिमेंटची बुटकी भिंत घाला आणि वरून झाकण टाका. पाईप उतारावरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत सोडा आणि टाकीला तोटी बसवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘जास्त पाणी साठेल’ म्हणून भिंत उंच करणं. पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाच्या वर गेली की उलटा दाब बसतो आणि झरा दुसरीकडून वाट काढतो. निघणारा पाईप नेहमी झऱ्याच्या तोंडाच्या खाली हवा. साठवण टाकीत करायची, झऱ्यात नाही.

झऱ्याच्या वरच्या अंगाला गोठा, शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा नको. पुस्तकी नियम १५ मीटरचा आहे, पण भोकाभोकांच्या जांभ्यात त्यावर भिस्त ठेवू नका. निदान दुप्पट अंतर ठेवा.

बंधारा: कधी, कुठे, किती पोती

वनराई बंधाऱ्याची, म्हणजे माती-वाळूची पोती रचून घातलेल्या तात्पुरत्या बांधाची, वेळ ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पऱ्याचा जोर ओसरलेला, पण वाहतं पाणी शिल्लक. उशीर झाला तर अडवायला पाणीच राहत नाही. जागा निवडताना पऱ्या अरुंद, दोन्ही काठ पक्के, तळाला कातळ, आणि महत्त्वाचं म्हणजे पिण्याची विहीर जवळ. हा बंधारा मे महिन्यापर्यंत पाणी दाखवत बसणार नाही. त्याचं काम शेजारच्या विहिरीची पातळी महिना-दीड महिना जास्त टिकवणं एवढंच. विहिरीपासून लांब बांधलेला बंधारा फोटोपुरता.

पाच मीटर लांब, एक मीटर उंच, तळाला दीड मीटर आणि माथ्याला साठ सेंटिमीटर रुंद अशा बंधाऱ्याला सव्वापाच घनमीटर भराव लागतो. सिमेंटचं पोतं पाऊण भरलं तर सुमारे ३० लिटर जागा घेतं, म्हणजे पावणेदोनशे पोती. फाटक्यांचा हिशोब धरून दोनशे गोळा करा. पोतं काठोकाठ भरलं की गोल होतं, शेजारच्याला चिकटत नाही आणि फटीतून पाणी जातं. पाऊण भरून तोंड शिवायचं आणि रचल्यावर पायाने दाबून चपटं करायचं. पोत्याची लांबी प्रवाहाच्या दिशेत, आणि विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड.

बंधारे फुटतात ते बहुतेक तळातून. वाळू-गोट्यांवर पोती ठेवली की पाणी खालून जातं आणि आठवड्यात पऱ्या कोरडा. तळाची वाळू कातळापर्यंत काढून पहिल्या थराखाली चिकण माती ठोकून बसवा. पाण्याच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद टाकून त्याचं खालचं टोक मातीत दाबा. काठ खणून दोन्हीकडे दोन-दोन पोती आत घुसवा, नाहीतर कडेने वाट पडते. मधोमध एक थर कमी ठेवा, जादा पाणी तिथून जाईल. बंधाऱ्याच्या वर कपडे धुणं आणि म्हशी बसवणं बंद. हे एकदा वाडीच्या बैठकीत ठरवून घ्या, मग भांडण होत नाही. निदान कमी होतं.

जमेल त्याने घरच्या कौलांवरचं पाणीही धरावं. ५० चौरस मीटरच्या छपरावरून हंगामात लाखभर लिटर पाणी ओघळून जातं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी सात लिटर धरले तर मार्च ते मे अशा नव्वद दिवसांना ३१५० लिटर लागतात. दोन मीटर व्यासाची, पाण्याची उंची १.६ मीटर राहील अशी फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपलेली) टाकी ५००० लिटर धरते. तेवढी पुरते. जूनचं पहिलं पाणी सोडून द्या, कारण त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि पाचोळा असतो. श्रावणात कौलांवर शेवाळ धरतं, म्हणून भाद्रपदात छप्पर घासून घ्या आणि टाकी त्यानंतरच्या सरींवर काठोकाठ भरा. उजेड आत गेला तर पाणी हिरवं होतं. डास गेला तर डेंग्यू. झाकण घट्ट, हवेच्या पाईपला बारीक जाळी.

टँकरचे कागद

टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. वाडीचं नाव त्यात आधीपासून हवं. नाव नसेल तर मे महिन्यात धावपळ करून आठवडे जातात. ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीकडे जातो, तहसील आणि पंचायत समितीची माणसं एकत्र पाहणी करतात, मग आदेश निघतो. टँकर हा शेवटचा उपाय मानला जातो. त्याआधी विहिरीतला गाळ काढणं, विंधण विहिरीची दुरुस्ती, तात्पुरती नळयोजना, खासगी विहीर अधिग्रहित करणं हे पर्याय तपासतात. वाडीने तेच आधी मागितलेले बरे. गाळ काढलेल्या विहिरीचा फायदा पुढच्या वर्षीही मिळतो, टँकरचा नाही.

टँकरचं माप माणशी रोज २० लिटर. दीडशे माणसांच्या वाडीला ३००० लिटर. पाणी विहिरीत ओतायला देऊ नका. जांभ्यात खोदलेल्या विहिरीच्या भिंतीतून ते निम्मं जिरून जातं आणि उरलेलं गढूळ होतं. वाडीच्या तोंडाशी दोन टाक्या ठेवून त्यात घ्या. फेरीच्या नोंदवहीवर घरी असणाऱ्या दोन बायकांच्या सह्या असाव्यात, एकट्या सरपंचाची किंवा सदस्याची नको. मोठा टँकर घाटीवरून (चढणीच्या वाटेवरून) वरच्या वाडीत चढत नाही. तसं असेल तर अर्जातच लहान गाडी मागा.

लोकसंख्या मोजताना चाकरमानी (नोकरीसाठी मुंबईत राहणारे गावकरी) सुटतात. शिमग्याला आणि मे महिन्यात घर दुप्पट होतं, आणि विहीर तेव्हाच तळाला असते. मुंबईच्या काकांना दोन बादल्या आंघोळीची सवय. त्यांना ‘पाणी जपून वापरा’ हे घरातली मुलं सांगू शकत नाहीत आणि आया सांगत नाहीत. वाडीच्या मंडळाने पत्रिका पाठवतानाच लिहावं: एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या घराने आपलं पाणी आपण भरायचं, आणि टाकीच्या वर्गणीत भाग घ्यायचा.

घरातला वाटा

पाच माणसांना १०० लिटर मिळत असेल तर सकाळीच वाटणी करा. पिण्याला १५ लिटर, झाकलेल्या वेगळ्या हंड्यात, लांब दांड्याच्या ओगराळ्यासह. स्वयंपाकाला २०. हात धुणं आणि शौचाला २०. भांड्यांना १५. आंघोळ आणि अंग पुसण्याला २५. पाच लिटर राखीव. हात धुण्याचं पाणी सगळ्यात आधी तुटतं, म्हणून तेच आधी बाजूला ठेवायचं. पाच लिटरचा तेलाचा कॅन घ्या. झाकणाखाली वीतभर अंतरावर तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडा, कॅन मुठीने फांदीला टांगा, झाकणाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या काठीला. काठी पायाने दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. एका वेळी अर्धी वाटीही पाणी लागत नाही. शेजारी साबण जाळीत टांगा, नाहीतर कावळा नेतो.

भांडी राखेने घासली तर ते पाणी अळूला, केळीला, माडाला चालतं. तांदळाचं धुवण गुरांना द्या. पाणी कमी पडलं की घरात डाळी शिजणं थांबतं आणि मुलं बिस्किटांवर दिवस काढतात. त्याऐवजी कुळथाची पिठी, नाचणीची पेज, भाताची पेज. यात पाणी फेकलं जात नाही आणि पोटात मीठही जातं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उन्हाळा कितीही असो, वरचं पाणी द्यायचं नाही. आईचं दूध पुरतं. आईने जास्त पाणी प्यायचं, आणि घराने तिच्या वाट्यात ते मोजायचं.

आता ओझं. दहा वर्षांच्या मुलीचं वजन २५ ते ३० किलो. दहा लिटरची भरलेली कळशी १२ किलोच्या घरात, म्हणजे तिच्या अंगाच्या वजनाच्या चाळीस ते अठ्ठेचाळीस टक्के. दप्तराला आपण दहा टक्क्यांची मर्यादा मानतो, कळशीला कोणी मानत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना पाच लिटरहून जास्त देऊ नका. ते दोन हातांत अडीच-अडीच लिटरच्या बाटल्यांत विभागा, एका कुशीवर नको. बाकीचं मोठ्यांनी आणि दुचाकीने. सपाट सड्यावर ढकलायचं चाकाचं पिंप उत्तम चालतं, पण घाटीच्या पायऱ्यांवर ते उतारावरून सुटतं, तिथे त्याचा नाद सोडा. विहिरीला छातीएवढा कठडा आणि कप्पी असल्याशिवाय मूल एकटं पाठवायचं नाही. पाणी तळाला गेलेल्या विहिरीत वाकून ओढताना तोल जातो. शाळेच्या आधी पाण्याची पाळी मुलांना लावू नका, मुलींना तर नाहीच. घरात भाऊ असेल तर त्याचीही पाळी लिहून ठेवा.

शाळेच्या टाकीत पाणी नसलं तर मोठ्या मुली मासिक पाळीच्या दिवसांत घरी राहतात आणि मग दोनाचे चार दिवस होतात. हजेरीवहीत कारण ‘आजारी’ असं लिहिलं जातं. शाळा व्यवस्थापन समितीने फेब्रुवारीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात: वाडीच्या टँकरमधून शाळेचा वेगळा वाटा, मुलींच्या शौचालयात झाकणाचं पिंप आणि तांब्या, आणि ते पिंप भरण्याची जबाबदारी मुलांवर न टाकता एका माणसावर.

रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि लेकरंही बरोबर जातात. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसवता येतं. अंगणवाडी सेविकेकडे स्थलांतराची नोंद करा, आहार आणि लस तिकडे चालू राहते. रेशन कुठल्याही गावी मिळतं, कार्ड घरी कुलपात ठेवू नका. आजी-आजोबा गावातच राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी गटशिक्षण कार्यालयात करा. मूल गावातच राहिलेलं जास्त बरं.

टीसीएल आणि जुलाब

गोल विहिरीतलं पाणी मोजायला: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तराला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास आणि एक मीटर पाणी असेल तर सुमारे ७००० लिटर. चांगल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं माप हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे इथे ३५ ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून पेस्ट करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं ठेवून चुना तळाला बसू द्या. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत बुडवून ढवळा. गाळ विहिरीत टाकू नका. रात्री टाकलेलं बरं, तासभर तरी कोणी पाणी ओढता कामा नये. मग गावच्या जलसुरक्षकाकडून (पाणी तपासणाऱ्या माणसाकडून) ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, करून घ्या, पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे.

मे महिन्यात घोटाळा होतो तो मापाचा. पावसाळ्यात विहीर भरलेली असताना जेवढी पावडर, तेवढीच सवयीने टाकली जाते. पाण्याला वास येतो, लोक ते सोडून पऱ्यातल्या खळग्याचं पितात आणि आजारी पडतात. दर वेळी उंची मोजूनच टाका. किनाऱ्याच्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर कस गमावते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, लोखंडी नको. जिथे टीसीएल पोचत नाही तिथे पाणी चौपदरी कापडाने गाळून खळखळून उकळा.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिलमध्ये मचूळ होतात. गोडं पाणी वर आणि खारं खाली असतं, मोटार लावून एकदम उपसलं की खारं वर चढतं. थोडं थोडं, वरवरचं काढा. मचूळ पाणी भांड्यांना वापरा. गरोदर बाईला, तान्ह्याच्या वरच्या दुधाला आणि ओआरएसला (जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या द्रावणाला) ते चालत नाही.

जुलाब झाले की ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असा अंदाज नको. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. द्रावण चोवीस तासांनी ओतून टाका. आशाताईकडून जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या घ्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. स्तनपान आणि पेज चालू ठेवा. डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, मूल मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं किंवा पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली, तर वाट न पाहता दवाखाना. गाडी नसेल तर १०८. रात्री सल्ला हवा असेल तर १०४.

मिरगाच्या आठवड्याची कामं वेगळी. बंधाऱ्याची पोती आणि प्लॅस्टिक मे अखेरीला काढून घ्या, नाहीतर पहिल्या पुरात ती रस्त्याखालच्या मोरीत अडकतात. झऱ्याचं झाकण घट्ट करा आणि वरून येणारं पाणी वळवायला हातभर चर खणा. पहिल्या सरींचं पाणी चार महिन्यांची घाण घेऊन विहिरीत उतरतं. पाणी वाढल्याच्या आनंदात टीसीएल बंद होते आणि जुलाबाची साथ नेमकी त्याच पंधरवड्यात येते. विहीर निवळेपर्यंत रोज उंची मोजून मात्रा द्या आणि मुलांना उकळलेलंच पाणी द्या. शाळा सुरू होताना पहिल्या दिवसापासून दप्तरात घरची बाटली असू द्या.